बाबांच्या अशक्तपणासाठी जिनसेंगच्या कॅप्सूल आणल्या, शुगर-बीपीच्या गोळ्यांसोबत चालतात का?

दिग्रसकडचा_पोट्टा

रामराम मंडळी. जरा मोठं लिहून राहिलो, सांभाळून घ्या.

आमचे बाबा ६३ वर्षांचे. साडेचार एकर कोरडवाहू, पराटी म्हणजे कापूस अन् तूर. शुगर ९ वर्षांपासून, बीपी पण हाय. दोन महिन्यांपासून लय थकवा म्हणतात. सकाळी वावरात गेले की नऊ-दहाच्या सुमारास हातपाय गळतात, घाम फुटतो, मग धुऱ्यावर बसून राहतात. हाच माणूस दोन वर्षांआधी दिवसभर डवरा धरायचा. आईनं बदाम भिजवून दिले, खारीक दिली, काही फरक नाही.

मागच्या आठवड्यात बचत गटाच्या मीटिंगमधे एक जण आला, टाय लावून, लॅपटॉप घेऊन. त्यानं तासभर जिनसेंगवर भाषण दिलं. म्हणे कोरियातली मुळी हाय, माणसासारखे हातपाय असते तिले, तिकडचे म्हातारे नव्वदीत डोंगर चढतात, शुगर मुळापासून जाते अन् तीन महिन्यात गोळ्या बंद. आई ६० कॅप्सूलचा डबा घेऊन आली, २९०० रुपये. सोबत जिनसेंग कॉफीचे पाकिटं फ्री. सीतादही (वेचणी सुरू करायची पूजा) झाल्यावर कापसाच्या पहिल्या वेच्याचे जे पैसे आले होते ना, तेच गेले.

बाबांनी चार दिवस घेतल्या, सकाळी एक रात्री एक, अन् सकाळ-संध्याकाळ ती कॉफी. चौथ्या दिवशी रात्री झोपच नाही, तीन वाजता अंगणात फेऱ्या मारून राहिले होते. मी म्हटलं थांबा आता, विचारतो कोणाले तरी. तं म्हणतात पैसे गेलेच हायेत तं खाऊन टाकतो, फेकू कायले.

तं विचारायचं हे की जिनसेंगमधे खरंच काही दम हाय का? शुगरच्या गोळ्यांसोबत चालते का? गुगल केलं तं अर्धे म्हणतात अमृत अन् अर्धे म्हणतात हात लावू नका.

रामराम_गंगाराम

माह्या मोठ्या साळ्यानं घेतलं होतं भाऊ, लय तरतरी येते म्हणे. नैसर्गिक हाय, साईड इफेक्ट नसते. दोन महिने घेऊ द्या बिनधास्त.

औषधीवाला_अकोट

नैसर्गिक तं विंचू पण असते गंगारामभाऊ.

पोट्टेहो, मी वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे, डॉक्टर नाही, पण दोन गोष्टी समजल्याशिवाय काही सांगता येत नाही. एक म्हणजे डब्याच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलं ते जसंच्या तसं टाईप कर. समोरच्या बाजूचं नको, ते फक्त विकायसाठी असतं. दुसरं, बाबा ज्या ज्या गोळ्या घेतात त्यांची पट्टीवरची नावं दे, कंपनीची नावं नको, आतल्या औषधाची दे. अन् कंपनीचं नाव डब्याचंही टाकू नको, उगाच इथं तिचे एजंट येऊन भांडण करतात.

दिग्रसकडचा_पोट्टा

मोबाईलनं झूम करून वाचलं, मुंगीएवढे अक्षरं हायेत. समोर मोठ्ठं जिनसेंग अन् मुळीचा फोटो. मागे असं हाय: प्रत्येक कॅप्सूलमधे विथानिया सोम्निफेरा मूळ अर्क २५० मिग्रॅ, पॅनॅक्स जिनसेंग अर्क २० मिग्रॅ, काळी मिरी अर्क ५ मिग्रॅ.

बाबांच्या गोळ्या: ग्लिमेपिराइड २ अन् मेटफॉर्मिन ५०० एकत्र असलेली, सकाळ संध्याकाळ. टेल्मिसार्टन ४० बीपीची. अ‍ॅस्पिरिन ७५ रात्री. बस्स.

औषधीवाला_अकोट

विथानिया सोम्निफेरा म्हणजे कोण माहीत आहे का? आपली आस्कंद. अश्वगंधा. मध्य प्रदेशात नीमच-मंदसोरच्या वावरांमधे ढिगानं पिकते ती. म्हणजे पैसे घेतले कोरियाचे अन् माल दिला नीमचचा, नावापुरतं २० मिलीग्रॅम जिनसेंग टाकलं की समोर मुळीचा फोटो छापायला मोकळे. अश्वगंधेला इंग्रजीत लोक इंडियन जिनसेंग म्हणतात, त्या नावाचा फायदा घेतात. दोघांचा एकमेकांशी नात्याचा काही संबंध नाही, अश्वगंधा ही वांग्या-टमाट्याच्या कुळातली.

खरं जिनसेंग म्हणजे पॅनॅक्स. त्यात मुख्य दोन, एक कोरिया-चीनकडचं पॅनॅक्स जिनसेंग अन् दुसरं अमेरिका-कॅनडातलं पॅनॅक्स क्विंक्वेफोलियस. मुळी नुसती वाळवली तर पांढरं जिनसेंग, आधी वाफवून मग वाळवली तर लाल, झाड तेच. अन् सायबेरियन जिनसेंग म्हणून जे विकतात ते तिसरंच झुडूप आहे, त्यात जिनसेनोसाइड नावाचे घटक नसतातच, अन् जिनसेंगची जी काही करामत आहे ती त्या जिनसेनोसाइडची मानतात. तेव्हा डबा घेताना शास्त्रीय नाव पाहायचं, मराठी-इंग्रजी नावाला काही अर्थ नाही.

आता दम आहे का. थोडा आहे, पण टायवाल्यानं सांगितला तेवढा नाही. साखरेचं सांगतो. टोरंटोच्या लोकांनी २००० साली प्रयोग केला होता, अमेरिकन जिनसेंगची ३ ग्रॅम पूड ग्लुकोज प्यायच्या आधी दिली तर साखरेची उसळी साधारण २० टक्के कमी झाली. पण माणसं किती होती, १९, अन् हे एका वेळचं मोजमाप होतं, शुगर मुळापासून गेली असं कोणी म्हटलं नाही. गोळ्या बंद करण्याइतका पुरावा कुठंच नाही. अन् ३ ग्रॅम म्हणजे ३००० मिलीग्रॅम, तुझ्या कॅप्सूलमधे २०. अर्क घट्ट असतो, मुळीशी सरळ हिशोब लागत नाही हे मान्य, पण तरी हे म्हणजे भाजीच्या गंजात हिंगाचा एक कण. जर्मनीत कमिशन ई म्हणून सरकारी समिती होती, तिनं दिवसाला १ ते २ ग्रॅम मुळी अन् तेही तीन महिन्यांपर्यंत असं धरलं होतं.

झोप न येणं ही जिनसेंगची सगळ्यात जुनी तक्रार आहे, त्यासोबत डोकं दुखणं, छातीत धडधड, कोणाकोणाचं बीपी वाढणं, पोट बिघडणं. म्हणून घेणारे लोक सकाळी घेतात, रात्री नाही. पण इथं जिनसेंग एवढंसं असताना झोप उडाली म्हणजे मला त्या कॉफीचा जास्त संशय येतो. बाबा आधी कॉफी पीत होते का?

अन् अ‍ॅस्पिरिन चालू आहे हे लक्षात ठेव. जिनसेंगनं रक्त गोठण्यावर थोडा परिणाम होऊ शकतो असं धरतात, म्हणून ऑपरेशन असलं तर निदान सात दिवस आधी बंद करायला सांगतात, दात काढायचा असला तरी डॉक्टरच्या कानावर घालावं. हृदयाचा वाल्व बदललेले जे लोक वॉरफेरीन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात त्यांनी तर हातच लावू नये. तिथं गंमत उलटी आहे, २००४ मधे अमेरिकेत २० निरोगी माणसांवर पाहिलं तर अमेरिकन जिनसेंगनं वॉरफेरीनचा असर कमी केला, म्हणजे रक्त परत घट्ट व्हायला लागलं. कोरियन जिनसेंगच्या अभ्यासात एवढं दिसलं नाही, पण वाल्ववर गुठळी बसली तर माणूस जातो, तिथं कोण पैज लावते?

रामराम_गंगाराम

बरं बापा चुकलं माह्यं. पण साळ्याले तरतरी आली होती हे खरं हाय.

औषधीवाला_अकोट

आली असेल. पण दोन-तीन दिवसात एकदम भूक लागायला लागली, गुडघे हलके झाले, चेहरा भरला असं जर कोणत्या पुडीनं झालं ना, तर त्यात स्टेरॉइड मिसळलं असल्याची शंका घ्यायची. शुगरवाल्याची साखर त्यानं आभाळाला जाते. अन् दुसऱ्या कामाच्या तरतरीसाठी जे जिनसेंगच्या नावानं विकतात त्यात सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध सापडल्याची प्रकरणं जगभर झाली आहेत. जो माणूस छातीत दुखलं की जिभेखाली गोळी ठेवतो त्यानं अशी कॅप्सूल खाल्ली तर बीपी एवढं पडू शकते की उठणार नाही. इथं बायामाणसं पण वाचतात म्हणून जास्त लिहित नाही, पण कॉक्रेन म्हणून सगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था आहे, तिचा २०२१ चा आढावा आहे, त्या कामासाठी जिनसेंगचा फायदा झाला तरी जाणवण्याइतका नाही असंच त्यात निघालं.

उपकेंद्रातली_ताई

सगळे कॅप्सूलवर बोलून राहिलेत, मला पहिल्या पोस्टमधलीच एक गोष्ट खटकली. दादा, बाबांना घाम अन् हातपाय गळणं रोज नऊ-दहालाच होतं ना? ते सकाळची गोळी किती वाजता घेतात अन् पोटात पहिला घास किती वाजता जातो?

दिग्रसकडचा_पोट्टा

ताई गोळी सहा वाजता, बिनसाखरेच्या चहासोबत. मग वावरात निघतात. आई शिदोरी घेऊन अकराला जाते, वेचणी जोरात असली तं बारा पण वाजतात.

उपकेंद्रातली_ताई

मग हा अशक्तपणा नसावा हो, साखर खाली जात असावी. तुमच्या गोळीतला तो ग्लिमेपिराइडचा भाग पोटात अन्न असो नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतो, म्हणून ती गोळी नाश्त्यासोबत घ्यायची असते, चहासोबत नाही. त्यात बाबा उपाशी, वरून तीन-चार तास वाकून वेचणी. नवव्या वर्षी गोळी तीच अन् आता वय वाढलं, जेवण कमी झालं, मग दहाच्या सुमारास साखर बुडणारच. आमच्याकडे दर वेचणीला असे दोन-तीन तरी येतात, अन् घरचे म्हणतात ताई ताकदीची बाटली लावा.

आधी तपासा. ज्या वेळेला त्रास होतो त्याच वेळेला, तिथंच वावरात, बोटातलं रक्त मशीनवर. सकाळी उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून खूश होऊ नका, ती वेगळी वेळ आहे. ७० च्या खाली आली तर कमी. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात हलवून प्यायला द्यायची, १५ मिनिटं थांबायचं, परत तपासायचं, नाही चढली तर परत तीन चमचे, अन् मग भाकर. पेढा, बिस्किट यांनी लगेच चढत नाही, साखरच पाहिजे. बाबांच्या बंडीच्या खिशात साखरेची पुडी कायम असू द्या. अन् कधी बेशुद्ध सापडले तर तोंडात काही ओतू नका, श्वासात जातं, १०८ ला फोन करा.

गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला ही वेळेची सगळी गोष्ट सांगा, ते डोस बदलतील.

आता कॅप्सूलचं. जिनसेंग काय अन् अश्वगंधा काय, दोन्ही साखर थोडी थोडी खाली ओढू शकतात. आधीच बुडणाऱ्या माणसाला त्याचा भार नको. अजून एक विचारते, त्या रात्री तीन वाजता फेऱ्या मारत होते तेव्हा घाम होता का अंगाला?

दिग्रसकडचा_पोट्टा

आईले विचारलं. म्हणते बनियान ओला होता, तिले वाटलं गरमी होऊन राहिली. त्या दिवशी रात्री जेवले पण अर्धीच भाकर होते. ताई तुम्ही घाबरवून सोडलं.

अन् औषधीवाले काका, कॉफी बाबांनी जन्मात पिली नव्हती.

उपकेंद्रातली_ताई

घाबरू नका, पण उद्यावर टाकू नका. अन् तपासायला जातच आहात तर व्हिटॅमिन बी१२ अन् हिमोग्लोबिन पण करून घ्या. मेटफॉर्मिन खूप वर्षं घेतली की बी१२ कमी होऊ शकतं. बाबा अंडी-मटण खातात का?

दिग्रसकडचा_पोट्टा

माळकरी हायेत ताई. अंड्याच्या टोपल्याजवळून पण जात नाहीत. पायाला मुंग्या येतात म्हणतात कधी कधी.

उपकेंद्रातली_ताई

मग नक्की करा.

मुसळीवाला_अंजनगाव

राजेहो मी हे सगळं वाचून हासून राहिलो. जिनसेंगचं नाव ऐकलं की मले आमचे मुसळीचे दिवस आठवते. वीसेक वर्षं झाले असतीन, असेच टायवाले आले होते गावात, म्हणे सफेद मुसळी लावा, एकरी लाखाच्या वर, आम्ही माल परत घेतो, लेखी देतो. बियाणं त्याहीनंच देल्लं, सोन्याच्या भावानं. गावातल्या किती लोकाहीनं कर्ज काढून लावली. माल निघाला तं टायवाल्याचा फोन बंद. मंग आम्ही पोत्यात भरून फिरलो, सोलून वाळवलेली मुसळी कोणी इचारे ना. मुसळी वाईट नाही हो, अजूनही अकोट-अंजनगावकडे लावतात, पानमळ्यात पानपिंपरी पण हाय आमच्याकडे, धंदा समजणाऱ्यानं केला तं होते. पण ज्याले पीक समजत नाही तो कागद दाखवून विकते, त्याच्यापासून दूर रायलं पायजे.

तं कोणी म्हणायच्या आधीच सांगतो, जिनसेंग आपल्या इकडे लावायचा इचार डोक्यात आणू नका. मले एका पोट्ट्यानं इचारलंच होतं. त्याले थंडी लागते, दाट सावली लागते, जंगलातलं झाड हाय ते. कॅनडात ओंटारिओ अन् अमेरिकेत विस्कॉन्सिनकडे लावतात तं पूर्ण वावरावर मांडव घालतात सावलीचा, अन् मुळी निघाले चार वर्षं, कोरियातली भारी मुळी तं सहा वर्षाची. सहा वर्ष! आपल्याले चार महिन्याच्या सोयाबीनमधे तीनदा रडू येते. अन् एकदा मुळी काढली की त्याच जागेत दुसऱ्यांदा नीट येतच नाही, जमिनीत रोग बसते. इथं मे महिन्यात ४५ डिग्री, मुळी जमिनीतच शिजून जाईन, लाल जिनसेंग फुकटात तयार.

वैद्य_परतवाडा

मुसळीवाले भाऊ शेवटचं वाक्य एक नंबर.

मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. औषधीवाल्यांनी अश्वगंधेला नीमचचा माल म्हणून जरा हलक्यात काढलं, त्याबद्दल दोन शब्द. अश्वगंधा चांगली वनस्पती आहे, चूर्ण ३ ते ६ ग्रॅम दिवसाला असं आपल्या फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी ग्रंथात आहे, अन् झोपेसाठी, ताणासाठी मी ती देतो. पण कोणाला द्यायची ते पाहून. थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना विचारल्याशिवाय नाही, कारण तिनं थायरॉइडचं हार्मोन वाढू शकतं. गरोदर बाईला नाही, अन् जिनसेंगही गरोदरपणात टाळायचंच असतं. लिव्हरला त्रास झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, फार नाहीत पण आहेत, तेव्हा डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली की लगेच बंद. डेन्मार्कनं तर २०२३ मधे बंदीच घातली, ते मला पटत नाही, पण माहीत असावं. अन् मुळीच वापरायची, पानं नाहीत. आयुष मंत्रालयानं २०२१ मधे कंपन्यांना तसं पत्रच काढलं होतं, कारण काही जण स्वस्तात पानांचा अर्क मिसळतात.

मला राग कशाचा येतो सांगू का, काळ्या मिरीच्या अर्काचा. त्यानं दुसऱ्या औषधांचं शरीरात शोषण वाढू शकतं. ज्या माणसाच्या पोटात आधीच चार गोळ्या आहेत त्याला हे न विचारता देणं म्हणजे काय म्हणावं. अन् गावातली आस्कंदाची पूड शे-दोनशे रुपयात मिळते, २९०० कशाचे घेतले?

मोर्शीची_संत्री

मी इथं फक्त वाचत असते पण राहवलं नाही म्हणून लिहिते. आईची केमो चालू होती तेव्हा आमच्या एका नातेवाइकानं कोरियन जिनसेंगचा काळा चिकट अर्क आणून दिला होता, छोट्या बरणीत, सोबत इवलासा चमचा. वास मातीसारखा अन् चव कडू, आधी कारल्यासारखी अन् मागून थोडी गोड. आई एवढी थकलेली असायची की ताटलीतला भात उचलायलाही हात जड व्हायचा तिचा, म्हणून मी द्यायलाच निघाले होते. पण नागपूरच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले तुमच्या आईचा कॅन्सर हार्मोनवाला आहे, जिनसेंगमधे हार्मोनसारखं काम करणारे घटक असू शकतात, नको. त्यांनी हेही सांगितलं की थकव्यासाठी अमेरिकेत अभ्यास झालाय, मी नंतर शोधून वाचला, २०१३ चा आहे, ३६४ पेशंट, रोज २००० मिलीग्रॅम अमेरिकन जिनसेंग. चार आठवड्यांनी विशेष फरक नव्हता पण आठ आठवड्यांनी थकवा कमी झाला होता. म्हणजे अगदीच खोटं नाही ते. पण प्रत्येकाला नाही. रक्ताच्या कॅन्सरची इमॅटिनिब गोळी घेणाऱ्या एका पेशंटच्या लिव्हरला जिनसेंगसोबत त्रास झाल्याचं पण वाचलं.

बरणी अजून आहे आमच्या फडताळात. नातेवाइकाला सांगितलं आईनं घेतली, फरक पडला. काय करणार, एवढ्या दुरून आणली होती त्यांनी.

रामराम_गंगाराम

ताई आई कशा हायेत आता?

मोर्शीची_संत्री

चांगली आहे. संत्र्याच्या बागेत मजुरांवर ओरडते.

दिग्रसकडचा_पोट्टा

मंडळी अपडेट देतो, उशीर झाला, वेचणी चालू होती.

कॅप्सूल अन् कॉफी त्याच दिवशी बंद केली. तिसऱ्या रात्रीपासून बाबा नीट झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाले सरपंचाच्या घरून ग्लुकोमीटर मागून वावरात गेलो. बाबा धुऱ्यावर बाभळीखाली बसलेलेच होते, हात थरथरत होते, विचारलं तं म्हणे काही नाही जरा बसलो. बोटात सुई टोचली तं रक्तच निघेना, बोंडाच्या टरफलानं चिरून चिरून बोटं अशी राठ झालेली की मशीनची सुई आतच जाईना. दोनदा टोचलं. शेवटी करंगळीच्या बाजूनं एक थेंब निघाला. आकडा आला ५८.

आईनं गाठोडं सोडलं, साखर नव्हती, शेजारच्या वावरातून वेचणाऱ्या बाईकडून गूळ मागून आणला, पाण्यात कालवून दिला. ताई साखर सांगितली होती तुम्ही, गूळ चालला ना? वीस मिनिटांनी ८४ झाली. बाबा उठून म्हणतात चला लागा कामाले, एवढ्याश्या गोष्टीसाठी माणसं गोळा केली.

मग तालुक्याले डॉक्टरकडे नेलं. सगळं सांगितलं, कॅप्सूलचा डबा पण दाखवला, थोडे बोलले मले, पण बरोबर बोलले. ग्लिमेपिराइड दोनची एक केली, अन् सांगितलं की भाकर नाही तं गोळी नाही. आता आई पहाटे पाचले चूल पेटवते, बाबा ज्वारीची भाकर अन् वरण खाऊन मग गोळी घेतात. कुरकुर करतात, म्हणे एवढ्या सकाळी कोण जेवते, पण खातात. चार दिवस झाले, दहाचा घाम नाही. काल पूर्ण तास (ओळ) धरून बायांसोबत वेचले.

बी१२ अन् हिमोग्लोबिन दिलं हाय, रिपोर्ट सोमवारी.

टायवाल्याले फोन केला होता पैसे वापस कर म्हणून, तं म्हणे सील तोडलं म्हणून वापस होत नाही, पण तुम्ही चार मेंबर जोडा, डबा फुकट पडते. मी म्हटलं जोडतो ना, आधी तू ये वावरात चार दिवस वेचणीले उपाशी.

उपकेंद्रातली_ताई

गूळ चालला, अडीअडचणीला चालतो, पाण्यात विरघळवला ते चांगलं केलं. पण साखरेची पुडी आजच शिवून टाका बंडीच्या खिशात. अन् आठवड्यातून दोनदा तरी दहाच्या सुमारास तपासा, डोस नवीन आहे. मशीन मागून आणायची गरज नाही, उपकेंद्रात फुकट होतं, आशाताईला निरोप द्या ती येईल वावरात.

औषधीवाला_अकोट

एक राहिलं. टेल्मिसार्टनचं बीपी पण पाहून घ्या, कॉफीच्या दिवसात वर गेलं असेल तर आता खाली आलं का ते समजेल. डबा फेकायचा असला तर कॅप्सूल मातीत मिसळून फेका, पोराटोरांच्या हाती लागू नये.

मुसळीवाला_अंजनगाव

कॅप्सूल फेक, डबा नको फेकू बावा. झाकण घट्ट असलं तं तुरीचं बियाणं ठेवाले चांगला हाय, सोंडा लागत नाही. २९०० चा डबा हाय शेवटी.

दिग्रसकडचा_पोट्टा

आईनं आधीच ठेवलं काका. पालकाचं बी हाय त्यात.